ओल्या लाकडावर पेट्रोल ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की रामटेक, खिंडसी, उमरेड, कोंढाळी या बाजूच्या फार्महाऊसवर आणि रिसॉर्टवर मुक्कामी शिबिरे सुरू होतात. रात्री शेकोटी सगळ्यांनाच हवी असते आणि लाकूड मात्र चिंब भिजलेले असते. मग कुणीतरी गाडीतून पेट्रोल काढून आणतो. पोराबाळांसमोर चालणारा हा प्रकार थांबावा आणि ओल्या दिवसांत विस्तव पेटवायची रीत शिबिरातच शिकवली जावी, यासाठी हे पत्र.

पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. ओतून झाल्यावर काडी शोधेपर्यंत ती भोवती उभ्या असलेल्यांच्या पायांशी पोचलेली असते. विझू घातलेल्या जाळावर दुसऱ्यांदा ओतले तर ज्योत धारेवरून थेट बाटलीत चढते. आणि एवढे करून लाकूड पेटतच नाही. पेट्रोल जळून संपते, साल तेवढी काळी पडते. लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागते, पण त्यातले पाणी उडून जाईपर्यंत ते १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्यासाठी लागते त्याच्या सातपटीहून जास्त. म्हणून पहिल्या जाळावर पाणी उडवायचे काम टाकूच नये. त्याला कोरडे आणि बारीक तेच द्यावे.

कोरडे लाकूड भर पावसातही मिळते, फक्त ते आत असते. जमिनीवर पडून बुरशी धरलेला ओंडका कामाचा नाही. उभा वाळलेला, मनगटाएवढा फाटा घ्या. त्याची बारीक फांदी मोडताना ‘कट्’ असा आवाज झाला तर लाकूड वाळलेले आहे. नुसती वाकली तर सोडून द्या. वाळलेल्या लाकडात पावसाचे पाणी सहसा वरच्या थरातच राहते. फाट्याचा हातभर तुकडा उभा धरा, त्याच्या माथ्यावर कोयत्याचे पाते टेकवा आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत चार फाका करा. अंधारात, निसरड्या जमिनीवर कुऱ्हाड हवेत उगारण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. साल आणि ओला थर तासून टाका, मग गाभ्यातून ढलप्या काढा. काडेपेटीच्या काडीएवढ्या दोन मुठी, पेन्सिलीएवढ्या कवेत मावतील इतक्या, अंगठ्याएवढ्याही तितक्याच आणि मनगटाएवढे आठ-दहा तुकडे. हे सगळे हाताशी आल्याशिवाय काडी ओढायची नाही. बहुतेकांची शेकोटी इथेच फसते. ज्योत दिसताच ते पुढच्या काटक्या शोधायला उठतात आणि परत येईपर्यंत ती विझलेली असते.

व्हिडिओत बघून लोक भूर्जाची साल आणि चीडाचे लाकूड विचारतात. आपल्या विदर्भात त्याची काही गरज नाही. छपराखाली ठेवलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या, सुताराकडचे सागाचे रंध्याचे छिलके, चिरलेला वाळका बांबू यांनी सुरेख जाळ धरतो. बांबू मात्र चिरूनच टाका, बंद पेर तापले की फुटते. सालईच्या लाकडात राळ असते, त्याच्या वाळक्या ढलप्या मिळाल्या तर फारच उत्तम. गोवरी दमट हवेत ओल धरते आणि ज्योतीपेक्षा धुमसते जास्त. तिला निखारे पडल्यावर घाला. प्लायवूड, सनमायका, रंगवलेले लाकूड, कण्हेर आणि बिब्बा यांतले काहीही जाळू नका. बिब्ब्याच्या धुरानेसुद्धा अंगावर पुरळ उठते.

सुरुवातीच्या ज्योतीसाठी कापराच्या पाच-सहा वड्या पुरतात. नाहीतर कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन चोळा आणि आतला कापूस कोरडा राहू द्या. पेटवताना बोळा फाडून तंतू मोकळे करा, म्हणजे तो तीन-चार मिनिटे जळतो. बोळा व्हॅसलीनमध्ये पार बुडवला तर पेटच घेत नाही. काडेपेटी झाकणाच्या डब्यात ठेवा. बऱ्याचदा काडीचे गूल ठीक असते, पेटीची घासायची पट्टी सर्दावलेली असते.

ओली माती जाळाची उष्णता शोषून घेते. म्हणून खाली विटा किंवा मनगटाएवढ्या लाकडांची एक ओळ अंथरा. नाल्यातले दगड नकोत, आत पाणी मुरलेले असेल तर तापून फुटतात. ओळीवर दोन जाड तुकडे वीतभर अंतराने समांतर ठेवा आणि मधल्या जागेचे तोंड वाऱ्याकडे करा. मध्ये कापूर, त्यावर काडीएवढ्या ढलप्या सैल, आडव्या-उभ्या. त्या सगळ्या पेटल्या की पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. पांढरा दाट धूर निघू लागला तर जाड लाकूड लवकर टाकले गेले आहे. ते बाजूला काढा आणि परत बारीक काटक्या द्या. निखारा धरण्याआधी फुंकू नका. पुढची ओली लाकडे जाळाभोवती वीतभर अंतरावर उभी करा आणि फिरवत राहा. पहिला अर्धा तास ऊब कमी आणि लाकूड वाळवणे जास्त, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

हे सगळे परवानगीच्या जागेतच. राखीव जंगलात विस्तव पेटवायला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मनाई आहे आणि पावसात जंगल ओले आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. जंगलातून सरपण गोळा करण्याऐवजी आरामशीनवरून वाळके लाकूड न्यावे. रिसॉर्टवाल्यांनी आणि शिबिर आयोजकांनी एक पोतेभर ढलप्या आणि फोडलेले लाकूड पत्र्याखाली, जमिनीपासून वर ठेवले, तर पेट्रोलचा प्रश्नच उरत नाही.

रात्री गारठा वाढला तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. झोपण्याआधी शेकोटीवर पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागली तर अजून पाणी हवे. गोवऱ्या घातल्या असतील तर त्या फोडून आतून भिजवा, वरून विझल्यासारख्या दिसल्या तरी सकाळपर्यंत धुमसतात. जंगलाच्या बाजूला आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

आपला,
एक शिबिर प्रशिक्षक, नागपूर