रविवारचा बास्केटबॉल सराव : पालकांसाठी सूचना

नमस्कार. रविवारी सराव सकाळी ६.३० लाच सुरू होईल. सर त्याआधीच येऊन छोट्या गटासाठी रिंग २.६० मीटरवर उतरवतात, ५ नंबरच्या बॉलमध्ये हवा भरतात. मुलांना कृपया वेळेवर सोडा.

बाहेरून ‘शूट कर!’ असं ओरडू नका. पास द्यायचा की नाही, हे मुलांनीच ठरवावं म्हणून सर मेहनत घेतात. लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत प्रशिक्षक एस. सुब्रमणियन यांनी शेतकऱ्याच्या घरातल्या सतनामसिंगला घडवलं. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी संघानं त्याला एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, निवडलं. आपली मुलं तिथवर जावोत न जावोत, हरल्यावर समोरच्याशी मनापासून हात मिळवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाण्याची बाटली आणि कोर्टवर घालायचे वेगळे बूट सोबत द्या.