दगड हलायच्या आत

दादर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संद्या,

आज लोणावळ्याहून राजमाची आणि तिथून खाली कोंदिवडे, असा अख्खा पल्ला पळून आलो. पळून म्हणजे आपलं पळणं. सपाटीला पळायचं, चढाला मांड्यांवर हात दाबत चालायचं. संध्याकाळी कर्जत लोकलमधून दादरला उतरताना पाय इतके भरून आले होते की दांडा धरून आधी एक, मग दुसरा, असा उतरलो. मागचा पोरगा म्हणाला, "काका, सावकाश." काका! बरं, म्हणू दे. ग्रुपवर बाळ्याने फोटो टाकलेत, पण त्यात आम्ही चौघं दात काढून उभे आहोत एवढंच दिसतं. म्हणून तुला सविस्तर लिहायला बसलोय.

घोट्याचं प्रकरण तुला फोनवर तुकड्यातुकड्यांत कळलंच आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून घसरलो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं. सूज उतरली, ऑफिस सुरू झालं, दादरचा पूल लंगडत का होईना चढता यायला लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं, झालं बरं. फिजिओबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांनी दुखऱ्या पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितले, आणि मी लगेच भिंत धरली. त्यांचं म्हणणं, लिगामेंट ही नुसती दोरी नसते. पाऊल कुठल्या कोनात पडलंय याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं तिच्यात असतात. ती दुखावली की खबर उशिरा पोचते, आणि तेवढ्यात पाय पुन्हा मुरगळतो. मग काय, दात घासताना एक पाय, फोडणी घालताना एक पाय. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे बगळा पाळलाय.

मॅरेथॉनला यंदा नाव दिलंच नव्हतं. जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आला की सगळ्यांच्या तोंडी पेडर रोडचा चढ, आणि मला तो कधीच आवडला नाही, हे तुला ठाऊक आहे. शिवाय थंडीत मुंबईची हवा पळायला छान, ही आपली जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. गारवा असतो, पण वारा पडलेला, धूळ आणि धूर सगळा खालीच साचलेला. शिवाजी पार्कला पहाटे फेऱ्या मारल्या की दिवसभर घसा खवखवतो. त्यापेक्षा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंतचा रस्ता बरा. डांबरी असला तरी चढउतारांचा, दोन्ही बाजूंना झाडी, आणि मध्येच दम लागला तर माकडांशिवाय कुणी बघत नाही. पाय तिथेच हळूहळू तयार केला.

मॅरेथॉन उरकल्यावर मंडळी मोकळी झाली. त्यांचे पाय अजून कुरकुरत होते म्हणून माझ्या वेगाने यायला कबूल झाले, नाहीतर बाळ्या काही थांबणाऱ्यातला नाही. इंद्रायणी एक्सप्रेसने लोणावळा गाठलं. तुंगार्लीच्या पुढे गाडीरस्त्याची लाल माती लागली आणि केतकी जी सुटली ती उधेवाडीच्या अलीकडेच दिसली. पंधरा-सोळा किलोमीटर, बहुतेक सावलीत. ऊन चांगलं वर आलं तरी अंगाला टोचत नव्हतं. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही किल्ले स्वच्छ दिसत होते. वर चढलो मात्र नाही. गावात पिठलं-भाकरी खाल्ली. मी अर्धीच खाल्ली, पुढचा उतार डोक्यात होता.

तो उतार तुला आठवत असेल. पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होतो. आता पाणी नाही, पण घसारा आहे. आडवं पडलेलं वाळकं गवत आणि त्याखाली सुट्टे खडे. पहिल्याच वळणावर मी थांबलो. घोटा दुखत नव्हता, अजिबात नाही. पण अंग आपोआप मागे रेललं. मागे रेललं की सगळं वजन टाचेवर येतं, टाच घसाऱ्यावर सटकते, आणि सटकली की माणूस आणखी मागे रेलतो. चढाला मला कधीच भीती वाटली नव्हती. ती सगळी इथे, उतारावर वाट बघत बसली होती.

दामलेकाका पुढे झाले. "स्वतःच्या पायाकडे बघू नकोस, माझ्या टाचांकडे बघ." एवढंच बोलले. साठी उलटलेल्या माणसाचं उतरणं एकदा नीट बघ तू. पाऊल वीतभर, पण एकापाठोपाठ एक, टकटकटक. अंग किंचित पुढे. कुठल्याही दगडावर पूर्ण भरवसा म्हणून नाही. दगड हलायच्या आत पाय उचललेला.

माझ्या मागे बाळ्या. त्याने सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची रडकथा लावली होती. बिल्डरकडून कॉर्पसची रक्कम किती मिळणार, भाडं किती महिन्यांचं, तळमजल्यावरचे आजोबा सही का करत नाहीत. मी म्हटलं, आजोबांचं बरोबर आहे. तो भडकला. मग आमचं चांगलंच जुंपलं, आणि आजोबांची बाजू मांडता मांडता माझ्या लक्षात आलं की मी पळतोय. खाली न बघता. त्याच सुमारास डाव्या पायाखालचा खडा गरगरला, घोटा बाहेर कलला आणि आपला आपणच सरळ झाला. खबर वेळेवर पोचली! फिजिओबाईंना उद्या फोन करणार आहे.

कोंडाणे लेण्यांपाशी सावलीत टेकलो, बाटल्या संपवल्या. तिथून कोंदिवडे, टमटम, कर्जतचा वडा. वड्यावरही बाळ्याचा वाद चालूच होता.

आता तुझं बोल. बंगळुरात चकचकीत रस्त्यांवर पळून पळून बिघडला असशील. शिमग्यानंतर कातळ तापतो आणि मग मजा नाही, त्यामुळे यायचं तर फेब्रुवारीतच. तुझे जुने ट्रेलचे बूट माझ्याकडेच आहेत, सोल अजून धडधाकट आहे. नक्की तारीख कळव, म्हणजे इंद्रायणीची तिकिटं काढून ठेवतो. शनिवार-रविवारची लगेच वेटिंगला जातात.

तुझा,
हेमंत