आठ आउट राहिले होते

सिअ‍ॅटल,
फेब्रुवारी २०२६

प्रिय दोस्ता,

अ‍ॅरिझोनात पिओरियाला आमच्या बेसबॉल संघाचा, सिअ‍ॅटल मरिनर्सचा, सराव सुरू झाला. पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) आधी पोचतात, बाकीचे मागून, ही दरवर्षीची रीत. इथे पाऊस हटायला तयार नाही, पण तिथल्या उन्हात कुणी नुसता कॅच घेतानाचा व्हिडिओ आला तरी मी हातातलं काम बाजूला ठेवून बघतो.

यंदा जीव इतका का लागलाय ते सांगतो. हा संघ १९७७ पासून खेळतोय, आणि मेजर लीग या इथल्या सर्वोच्च लीगच्या ३० संघांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, एकदाही न खेळलेला हा एकटाच. जिंकणं सोड, तिथवर पोचलाच नाही. २००१ मध्ये १६२ पैकी ११६ सामने जिंकले, तरी प्लेऑफमध्ये यांकीजपुढे अडले आणि नंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. मागच्या ऑक्टोबरात टोरांटोविरुद्धच्या उपांत्य मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात आम्ही ३-१ ने पुढे होतो. त्यांचे आणखी आठ आउट मिळाले की वर्ल्ड सिरीज! तेवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला आणि ४-३ ने सगळं संपलं. त्या रात्री तुला फोन केला नाही, कारण मला बोलताच आलं नसतं.

पण तो संघ अजून बराचसा तसाच आहे, म्हणून ही आशा. कॅल रॅलीने गेल्या मोसमात ६० होमरन मारले. हा गडी कॅचर आहे, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या जागी तासन् तास उकिडवा बसणारा. त्याच्याआधी कॅचरचा विक्रम ४८ चा होता, यावरून काय ते समज. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी राखलं याचा मला सर्वांत जास्त आनंद झाला. अंगाने आडवा, पळायला लीगमधल्या सर्वांत संथ खेळाडूंपैकी एक, आणि तरी आमच्याकडे आल्यावर १९ वेळा बेस चोरायला, म्हणजे फटका नसताना पुढच्या टप्प्यावर पळायला, निघाला नि १९ वेळा पोचला. पिचरची नजर कुठे आहे हे तो इतकं बारकाईने वाचतो की बघत राहावं. डेट्रॉइटविरुद्धचा १५ इनिंगचा (एरवी नऊच असतात) सामना ज्याच्या फटक्याने जिंकला, तो पोलांको मात्र मेट्सकडे गेला. त्याची उणीव भासेल. वू या पिचरची छाती दुखावली होती, तो पूर्ण बरा झाला आणि गिल्बर्ट, कर्बी हे दुसरे पिचर मोसमभर टिकले, तर आमच्या पिचिंगला तोड नाही. शिवाय कोल्ट एमर्सन नावाचा कोवळा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दारात उभा आहे. त्याला मुख्य संघात आणावंच, असं माझं ठाम मत.

यंदा एक नवा नियमही आलाय. अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही, याचा) निर्णय पटला नाही तर पिचर, कॅचर किंवा बॅटरने डोक्यावर टिचकी मारायची, की कॅमेरे निकाल देणार. संघाला दोन संधी, आणि दावा खरा ठरला तर संधी शाबूत. डीआरएसवर आपण घातलेले वाद आठवतात ना? आता ते इथेही रंगणार.

आता हिवाळ्यातली कमाई. यूट्यूबवर ‘सीक्रेट बेस’ नावाचं चॅनल आहे. तिथे जॉन बॉइस आणि अ‍ॅलेक्स रुबेनस्टाइन यांनी २०२० मध्ये मरिनर्सचा इतिहास सहा भागांत मांडलाय. बहुतेक वेळ पडद्यावर आलेख, तारखा, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि शांत आवाजातलं निवेदन. तरी घसा दाटून येतो. एवढे हरणाऱ्या संघाची कहाणी कुणी इतक्या मायेने सांगताना मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मी जुन्या क्लिप्स शोधत सुटलो. १९८१ मध्ये लेनी रँडल मैदानावर चक्क पालथा पडून रेषेलगत रांगणाऱ्या चेंडूवर फुंकर घालतोय, चेंडू फाउल (रेषेबाहेर) जावा म्हणून! अंपायरने ते मान्य केलं नाही, पण जिंकण्याची ती धडपड मला फार आवडली.

आणि ८ ऑक्टोबर १९९५. प्लेऑफमध्ये यांकीजविरुद्ध अकरावी इनिंग, एडगर मार्टिनेझचा डबल (दोन बेसचा फटका), आमचा ग्रिफी पहिल्या बेसवरून सुसाट थेट घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, ६-५. डेव्ह नीहाउसचं रेडिओवरचं समालोचन लावून बघ. संघाच्या पहिल्या सामन्यापासून २०१० मध्ये जाईपर्यंत तो माणूस हाच संघ सांगत राहिला, आणि त्या क्षणी त्याच्या आवाजात अख्खं शहर ओरडतंय. त्या संघाचा कॅचर डॅन विल्सन आज आमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आहे. त्याच्याच हाताखाली आम्ही वर्ल्ड सिरीजला पोचावं असं मला मनापासून वाटतं.

मार्च अखेरीस मोसम सुरू होईल. इथला संध्याकाळी ६.४० चा सामना म्हणजे तुझ्याकडे सकाळचे ७.१०, तुझ्या दुसऱ्या चहाची वेळ. एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉलच्या) अ‍ॅपवर रेडिओ ऐकता येतो. एक सामना फोन चालू ठेवून बरोबर ऐकू, मी मध्ये मध्ये समजावत जाईन. त्याआधी त्या मालिकेचा पहिला भाग बघ आणि कसा वाटला ते सविस्तर लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सिअ‍ॅटलकर