फील्डवर्कची प्लेसमेंट निवडताना आधी विचारा, ‘आयसी कोण घेणार?’

महोदय,

गेल्या आठवड्यात ऐरोलीहून भाचीचा फोन आला. ‘मावशी, फील्डवर्कसाठी तीन पसंत्या द्यायच्या आहेत, परवापर्यंत. यादीतली नावं वाचून मला काहीच कळत नाहीये.’ ती एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात २६ वर्षे समाजसेवा अधीक्षक होते आणि दरवर्षी दोन-चार विद्यार्थी माझ्या हाताखाली क्षेत्रकार्य करून जात. भाचीला फोनवर जे सांगितले ते तिच्यासारख्याच इतर मुलामुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या कानावर जावे, म्हणून हे पत्र.

ज्यांच्या घरात कोणी या वाटेला गेलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. एमएसडब्ल्यूच्या दोन्ही वर्षांत साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत काम करतो. हेच फील्डवर्क किंवा क्षेत्रकार्य, आणि त्यासाठी संस्था मिळणे म्हणजे ‘प्लेसमेंट’. रुग्णालय, बालगृह, कुटुंब समुपदेशन केंद्र, तुरुंग, एखादी वस्ती. केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा, तो मार्गदर्शकाने वाचायचा आणि विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलायचे. या बसण्यालाच मुले ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. आपल्याकडे समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर शिक्षण १९३६ मध्ये सुरू झाले तेच नागपाड्यातल्या एका वस्तीकेंद्रात. आजची टाटा समाजविज्ञान संस्था त्यातूनच वाढली. लोकांमध्ये राहून शिकायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

भाचीचे पहिले वर्ष मात्र वाया गेले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे छान ऑफिस, ऐकायला मोठे नाव. सगळ्या वर्गाने तिला भाग्यवान म्हटले. तिथे तिने वर्षभर सर्वेक्षणाचे फॉर्म एक्सेलमध्ये भरले. ज्या कुटुंबांचे ते फॉर्म होते त्यांच्यापैकी एकाच्याही दारात ती गेली नाही. मार्गदर्शक म्हणून ज्यांचे नाव कागदावर होते त्या बाई तिला वर्षात दोनदा भेटल्या. तासांच्या तक्त्यावर सही मात्र दर महिन्याला मिळत राहिली. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी विचारले, ‘तुमची एखादी केस सांगा.’ सांगायला तिच्याकडे एकही माणूस नव्हता. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन जेवली नाही, नुसती बसून राहिली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

याच्या उलट अनुभवही माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी मुरबाडची एक मुलगी माझ्याकडे होती. पहाटेच्या एसटीने कल्याण, तिथून लोकल. तिला मी क्षयाचा एक रुग्ण दिला. जालन्याकडचा माणूस, इकडे नाक्यावर उभा राहून मिळेल ते बिगारीचे काम करणारा. सहा महिन्यांचे औषध त्याने दुसऱ्याच महिन्यात सोडले होते. केसपेपरवर शेरा होता, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ मुलीने पहिल्या अहवालात लिहिले, ‘रुग्णास औषधाचे महत्त्व पटवून दिले.’ आयसीला मी तिला एवढेच विचारले, ‘तो सकाळी किती वाजता उठतो? काय खाऊन बाहेर पडतो?’ तिला माहीत नव्हते. पुढच्या वेळी ती विचारून आली. माणूस सातला नाक्यावर पोचायचा, पोटात फक्त चहा. गोळ्या घेतल्या की मळमळायचे, आणि उलट्या करणाऱ्या माणसाला मुकादम कामावर नेत नसे. म्हणजे औषध घेतले की त्या दिवसाची मजुरी बुडायची. तिने डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची वेळ रात्रीच्या जेवणानंतर करून घेतली. मग लक्षात आले की क्षयरुग्णांना आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये (आता ते १००० झाले आहेत) त्याला मिळतच नव्हते, कारण त्याचे गावाकडचे खाते बंद पडले होते. दोन दिवस बँकेत खेटे घालून तिने इकडे खाते उघडून दिले. त्या माणसाने औषध पूर्ण केले.

ती मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. पण पहिला अहवाल तिच्या वर्गातल्या कोणीही लिहिला असता तसाच होता. तो कोणीतरी वाचला, म्हणून ती पुढच्या वेळी वेगळे विचारायला शिकली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः विद्यार्थ्यांना ओपीडीच्या रांगेशी उभे करून केसपेपर लिहायला लावत असे. माणसे कमी, गर्दी फार, ही अडचण खरी होती. तरीही ते चूकच होते, आणि त्या मुलांचे जे शिकायचे राहिले ते मला आता भरून देता येणार नाही.

म्हणून भाचीला म्हटले, पसंती देण्याआधी त्या संस्थेत जाऊन ये. माझी आयसी कोण घेणार, कोणत्या वारी, आणि त्या व्यक्तीने स्वतः समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे का, हे सरळ विचार. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरी संस्था बघ. गेल्या वर्षी तिथे असलेल्या विद्यार्थ्याला गाठ आणि त्याचे अहवाल कोणी वाचले ते विचार. आलेल्या माणसाशी दार लावून बोलता येईल अशी एखादी खोली तिथे आहे का, तेही बघून ये.

अंतराचा विचार करण्यात गैर काही नाही. शहापूर-मुरबाडच्या मुलांना घणसोली किंवा खारघर म्हणजे दिवसाचे चार-पाच तास प्रवासात, आणि ते भाडे कोणी देत नाही. पण स्वतःच्याच वस्तीत पहिल्या वर्षी प्लेसमेंट घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या काकू नवऱ्याच्या मारहाणीबद्दल शेजारच्याच मुलीशी बोलणार नाहीत, आणि बोलल्या तर नळावर भेटल्यावर दोघींनाही अवघड होईल.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उपक्रमांच्या) विभागांकडे मुलांचा ओढा आहे, विद्यावेतनामुळे आणि पुढच्या नोकरीच्या आशेने. घरची परिस्थिती बेताची असेल तर त्याला नावे ठेवणारी मी कोण? फक्त कार्यक्रमाचे फोटो आणि अहवाल यापलीकडे तिथे काय करायला मिळणार, हे आधी विचारून घ्यावे. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की पालक आजही घाबरतात. १९०१ पासून ते रुग्णालय आपल्या शहरात आहे. मनोरुग्णांसोबत काम करायची ज्यांना मनापासून ओढ आहे त्यांना घरच्यांनी अडवू नये. एक माहिती मात्र मुलांना उशिरा कळते, ती आधीच सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणून ओळख मिळायला एमएसडब्ल्यू पुरेशी नाही, त्यानंतर त्या विषयातले दोन वर्षांचे एम.फिल. किंवा सरकारने ठरवून दिलेली तशी पात्रता लागते.

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. बावीस वर्षांची मुलगी संस्थाप्रमुखांना जाब विचारायला कचरणारच. महाविद्यालयांनी संस्थेकडून मार्गदर्शकाचे नाव आणि आयसीचा वार लेखी घ्यावा, आणि पहिल्या महिन्यातच प्राध्यापकांनी तिथे जाऊन अहवालांच्या वह्या उघडून पाहाव्यात. विद्यार्थ्याला नुसतेच बसवून ठेवले असेल तर त्याच महिन्यात संस्था बदलून द्यावी. ‘आता मध्येच कसे बदलणार’ हे उत्तर भाचीला सप्टेंबरमध्ये मिळाले होते. आणि संस्थांना विनंती की दोघांसाठीच वेळ असेल तर दोघेच घ्या. आठ जणांना होकार देऊन त्यांना संगणकापुढे बसवू नका.

पुष्कळ लहान संस्थांत काम उत्तम असते, पण प्रशिक्षित मार्गदर्शक नसतो, म्हणून महाविद्यालये त्यांचे नाव यादीत घेत नाहीत. अशा संस्थांसाठी मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी मैत्रिणी आठवड्यातून एक दिवस विनामोबदला बसायला तयार आहोत. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशीपर्यंत कुठेही येऊ. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. ज्या महाविद्यालयांना गरज असेल त्यांना तो कृपया कळवावा.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक,
चरई, ठाणे (पश्चिम)