ग्रंथपाल दिनी संदर्भ शोधायला शिकवा

मा. संपादक,

१२ ऑगस्ट ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे ग्रंथपाल दिन. महाविद्यालयांत प्रतिमापूजन, ग्रंथप्रदर्शन, व्याख्यान होते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पुन्हा तेच. मी ग्रंथालयातच नोकरी करून निवृत्त झालो, या दिवसांचे मोल जाणतो. तरीही विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विनंती आहे की, यातला निदान एक दिवस विद्यार्थ्यांना ऑनलाइन संदर्भ शोधायला शिकवण्यासाठी द्यावा.

अलीकडे एम.ए. मराठीची एक विद्यार्थिनी प्रकल्पाची संदर्भसूची दाखवायला आली. सूची एआयकडून घेतलेली. एका नोंदीत नियतकालिक खरे, लेखकही खरा, पण तसा लेख त्या अंकात नाहीच! मुलगी लबाड नव्हती. मिळालेला संदर्भ मुळाशी जाऊन पडताळायचा असतो, हे तिला कोणी करून दाखवले नव्हते. मग आम्ही ‘शोधगंगा’ उघडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार सर्वांना मोफत खुले आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे वाचता येतात. तिने ‘ग्रामीण कादंबरी’ हे शब्द देवनागरीत टाकले, तर हाती फारसे लागले नाही. तेच रोमन लिपीत, स्पेलिंग बदलून बदलून टाकल्यावर आणखी प्रबंध निघाले, कारण कित्येक मराठी प्रबंधांची शीर्षके तिथे रोमनमध्ये नोंदलेली आहेत. भाषण ऐकून हे कळत नाही. कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला, म्हणजे सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना संशोधन नियतकालिके ऑनलाइन वाचायला देणाऱ्या योजनेला, मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. एवढा खर्च होतो, आणि योजनेतल्या संस्थांमधल्या मुलांनाही घरून वाचण्यासाठी संस्थेमार्फत लॉगिन घ्यावे लागते हे माहीत नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत तर दर सत्रात जागृती कार्यक्रम घ्यायला सांगितले आहे. मुलांपर्यंत मात्र मजकुरातले साम्य ‘१० टक्के’पर्यंत चालते, एवढा आकडाच पोहोचतो आणि शब्द फिरवून टक्केवारी खाली आणण्याची धडपड सुरू होते. याचे मला फार वाईट वाटते.

तासाभराचे वेबिनार आणि प्रमाणपत्र यांनी हे साधणार नाही. विद्यापीठ ग्रंथालयातील जाणकारांनी तालुक्याच्या महाविद्यालयांत यावे, पंधरा-वीस मुलांची तुकडी करावी, मराठीतून शिकवावे. प्रत्येकाने स्वतःचाच विषय घेऊन बसावे. संगणक कमी असतील तर मोबाइल चालेल. प्रकल्पाचे विषय ठरतात त्याच आठवड्यात हे झाले तर उत्तम. सत्र संपताना घेतलेल्या कार्यशाळेचा मुलांना काय उपयोग? बार्शी परिसरात असा वर्ग कोणी घेणार असेल, तर मी विनामानधन यायला तयार आहे.

– एक निवृत्त ग्रंथपाल, बार्शी