डिस्चार्ज कार्डावर मजलाही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ७६ वर्षांच्या वडिलांचा चाळीच्या सामाईक संडासाजवळ पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आठव्या दिवसाबद्दल. सकाळच्या राऊंडला डिस्चार्ज सांगितला गेला आणि दुपारी हाती आलेल्या कार्डावर लिहिले होते की वॉकरने चालवावे, उकिडवे बसू देऊ नये, तीन आठवड्यांनी ओपीडीत दाखवावे. आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवेच बसावे लागते असा. मग बसायचे कुठे, हे विचारायला मी वॉर्डात परत गेले, तेव्हा ‘कमोडची खुर्ची आणा’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या सिस्टरने ते दिले तिच्या एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड होता, त्यामुळे तिला बोल लावणे मला जमणार नाही.

मंडळाच्या चार मुलांनी वडिलांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेले. प्रत्येक वळणावर ते जिन्याचा कठडा घट्ट धरत होते आणि त्यांची बोटे सोडवावी लागत होती. त्यानंतर दहा दिवस ते खाटेवरून जवळजवळ उठलेच नाहीत, कारण पडण्याची भीती त्यांना आणि पाडण्याची भीती आम्हाला. अंग पुसताना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, तेव्हा शय्याव्रणाची सुरुवात झाली होती. या वयात पडून राहिले की स्नायू झपाट्याने झिजतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, हे मला नंतर कळले. ते डिस्चार्जच्या आधी कळायला हवे होते. ब्यूरोतून आयाबाई ठेवावी म्हणून चौकशी केली, तर बारा तासांच्या पाळीचा महिन्याचा हिशेब वडिलांच्या गिरणीच्या पेन्शनच्या कितीतरी पट निघाला. शेवटी मी बिनपगारी रजा घेतली. जिच्या घरी रजा घेणारेच कोणी नाही, त्या एकट्या आजीचे काय होत असेल?

७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यात डिस्चार्जनंतरचा जो खर्च धरला आहे तो १५ दिवसांपुरता. घरी येऊन उठवणारे, चालवणारे माणूस त्यात नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयातून सुटलेल्या वृद्धाला पुन्हा स्वतःचे स्वतः करता यावे म्हणून घरी मिळणारी मदत सहा आठवड्यांपर्यंत विनाशुल्क असते. तेवढा पैसा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणेल, पण आपल्याच राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट देणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे या गोष्टी २०१० पासून लिहिलेल्या आहेत. आणि मुंबईत घरोघर जाणारी माणसे नाहीत, असेही नाही. पोलिओच्या डोसासाठी आमच्या चाळीचे तिन्ही मजले चढणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकांना कोणत्या खोलीत कोण म्हातारे आहे हे तोंडपाठ असते. त्यांना योग्य प्रशिक्षण आणि त्या कामाचे वेगळे मानधन देऊन, सोबत आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट पाठवून, पहिल्या सहा आठवड्यांची जबाबदारी आरोग्य केंद्राकडे द्यावी. त्यासाठी रुग्ण सुटण्याच्या दोन दिवस आधी त्याचा मजला, लिफ्ट, संडासाची सोय आणि घरी दिवसा कोण असते याची नोंद डिस्चार्ज कार्डावर होऊन ते कार्ड संबंधित आरोग्य केंद्राला कळवले गेले पाहिजे. वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या तिथूनच तात्पुरत्या वापरायला मिळाव्यात.

वडील आता काठी घेऊन गॅलरीत फिरतात. त्यांची खुर्ची स्वच्छ करून मी माळ्यावर ठेवली आहे. विभाग कार्यालयाने कोणाला द्यायची ते सांगितले, तर मी स्वतः आणून देईन.

— एक वाचक, लालबाग, मुंबई