बैठ्या घरात जिना कुठून आला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: घरगुती हिंसाचाराने पीडित कुटुंबांना मदत करण्यासाठी परिचारिकांना वेळ, अधिकार व संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात सोलापूरच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील माझी तरुण शेजारीण मोडलेल्या बोटांना प्लास्टर घालून शहरातील एका रुग्णालयातून घरी आली. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडल्याने’ असे लिहिले आहे. तिचे घर बैठे आहे, त्याला जिनाच नाही. ती तेलुगू बोलते, मराठी तिला जेमतेम कळते, आणि तिचे म्हणणे डॉक्टरांना मराठीत सांगायला शेजारी उभा होता तो तिचा नवरा, ज्याने ती बोटे पिरगळली. पान कातरून, तंबाखू भरून, विडी वळून दोरा बांधायचा तो याच हाताने. मजुरी हजार विड्यांवर मिळते. म्हणजे हात बरा होईपर्यंत तिला पैशासाठी त्याच माणसापुढे हात पसरावा लागणार आहे.

अपघात विभागात आणि बाळंतपणाच्या वॉर्डात सारी नोकरी काढलेली मी सेवानिवृत्त परिचारिका आहे. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे थांबतात, पण सलाईन लावणारी, पट्टी बदलणारी, रात्री उशाशी येणारी सिस्टरच असते, आणि बाई बोललीच तर तिच्याशीच बोलते. वजन करायचे आहे किंवा लघवीची तपासणी आहे असे सांगून तिला सासू-नवऱ्यापासून दूर नेता येते. तिथे, भाषा येणाऱ्या पण नात्यातल्या नसलेल्या बाईला सोबत घेऊन, दार लावून विचारायचे: “घरी कोणी मारतं का?” ती नाही म्हणाली तर जबरदस्ती करायची नाही. हो म्हणाली तर “तू काय केलंस?” हा प्रश्न तोंडातून जाऊ द्यायचा नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत टिपायचे, जुने वळ आणि नवे वळ वेगळे नोंदवायचे. गळा दाबला होता का, गरोदर असताना मारले का, रॉकेल ओतण्याची धमकी दिली का, हे विचारल्याशिवाय तिला घरी सोडायचे नाही, कारण ही जिवावर बेतण्याची लक्षणे आहेत. आधार, रेशन कार्ड, विडी कामगाराचे ओळखपत्र कुठे ठेवावे, रात्री कोणाच्या दारात जावे, १८१ हा महिला मदतीचा फोन क्रमांक पाठ कसा करावा, हे सांगायचे. कागदावर लिहून द्यायचे नाही, तो कागद घरी सापडला तर तिलाच मार बसतो. सोबतच्या लेकराकडेही पाहायचे. जे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे, मोठा आवाज झाला की कॉटखाली शिरते, तेही त्या घराचे जखमीच आहे.

हे मी पदरचे सांगत नाही. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ सालचा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार मदत मागणाऱ्या पीडितेला उपचार देणे रुग्णालय प्रमुखावर बंधनकारक आहे. नियम १७ सांगतो की आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, घटना अहवाल, म्हणजे हिंसेची नोंद करण्याचा ठरलेला अर्ज, झालेला नसेल तर तो रुग्णालयानेच भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची. हा अर्ज किती वॉर्डांत ठेवलेला आहे, आपण कधी विचारले आहे काय? मी नोकरीत असताना तो माझ्या हाती कोणीही दिला नाही.

आणि ज्या सिस्टरने आपण होऊन काही केले, तिचे काय होते, तेही ऐका. एका मुलीच्या गळ्यावरचे बोटांचे वळ मी दिसले तसे लिहिले आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करण्याचा आग्रह धरला. माझी ड्युटी संपल्यावर तिच्या सासरच्यांनी मला फाटकाशी अडवून घाणेरड्या शिव्या दिल्या. प्रशासनाने त्यांना जाब विचारला नाही. ‘वाद नको’ म्हणून माझीच दुसऱ्या वॉर्डात बदली केली. पुढे साक्षीचे समन्स आले तेव्हा रजा माझी, रिक्षाभाडे माझे, आणि उलटतपासणीत “तुम्ही स्वतःला डॉक्टर समजता काय?” हा अपमानही माझाच. त्यानंतर कित्येक सहकारी मला म्हणाल्या, “ताई, आपण पट्टी बांधायची आणि गप्प बसायचं.” त्यांना मी दोष देत नाही. रात्रपाळीला तीस-चाळीस रुग्ण एकीच्या अंगावर टाकणाऱ्यांनी त्यांना गप्प केले आहे.

समुपदेशनासाठी एक खोली आणि एक समुपदेशक देतो, असे आश्वासन आम्हाला तोंडी मिळाले होते. त्या खोलीत आज मोडक्या खाटा पडल्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय एका खात्याचे, जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालये आपल्या खात्याची, संरक्षण अधिकारी महिला व बालविकासचे, पोलीस गृहखात्याचे; मार खाल्लेल्या बाईने कडेवर पोर घेऊन या चार दारांत फिरायचे, आणि प्रत्येक दारात “हे आमच्याकडे येत नाही” हेच ऐकायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. चारांतली एक बाई एखाद्या तापाने आजारी असती तर आपण घरोघरी पथके पाठवली असती.

हे जमत नाही असे कृपया सांगू नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अशा बायकांना आधार देणारे ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले आणि पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते काम पोचले. सोलापूरची विडी कामगार बाई मुंबईच्या बाईपेक्षा कमी किमतीची आहे काय?

तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक अपघात विभागात आणि प्रसूती कक्षात घटना अहवालाचे अर्ज ठेवण्याचा लेखी आदेश काढावा, तेलुगू, कन्नड व उर्दू जाणणाऱ्या महिला दुभाषांची नेमणूक करावी, परिचारिकांना कामाच्या वेळेत प्रशिक्षण द्यावे, आणि खरी नोंद केली म्हणून कोणाही सिस्टरची बदली केल्यास ती बदली करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. साक्षीचा दिवस कर्तव्याचा दिवस धरून प्रवासखर्च द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आपली सही लागते. या पत्राचे लेखी उत्तर मला हवे आहे, आणि त्यात तारीख हवी आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका,
सोलापूर